आईच्या वेलाची जाई: गॅलरीत पानं भरपूर, कळी एक नाही

ओसरी | 9 नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. वाईला आमच्या माहेरी परसात जाईचा मांडव होता. पावसाळा लागला की दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी परडीभर कळ्या निघायच्या. आई विहिरीच्या कट्ट्यावर बसून केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गजरा करायची आणि उरलेल्या कळ्या पाण्याच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायची. ते घर आम्ही विकलं. विकायच्या आधीच्या पावसाळ्यात मी एक फांदी कुंडीतल्या मातीत दाबून ठेवली होती. तिला मुळं फुटल्यावर ती कुंडी मांडीवर घेऊन मी पुण्याला आले.

आता तीन वर्षं झाली. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर पूर्वेची गॅलरी आहे, 14 इंची कुंडी. वेल ग्रिलवरून चढून वरच्या काकूंच्या कठड्याला पोचलाय. पानं गडद हिरवी, टवटवीत. दर आठ दिवसांनी शेंगदाणा पेंडीचं पाणी घालते. तीन पावसाळे गेले, पण कळी एकही नाही. छाटणी कधी केलेली नाही. आईच्या हातचा वेल आहे, त्याला कात्री लावायला हात होत नाही. काय चुकतंय ते सांगा.

परसदार | 9 नोव्हेंबर

ओसरीताई, आधी तीन गोष्टी सांगा. वेलावर थेट ऊन किती तास येतं? पान कसं आहे? आणि वाईच्या फुलांच्या कळीला बाहेरून गुलाबी छटा असायची का?

पानाचं एवढ्यासाठी विचारतोय की जाई-जुईच्या नावांचा घोळ फार आहे. जाईचं पान म्हणजे एका काडीवर समोरासमोर पानांच्या जोड्या आणि टोकाला एक मोठं पान, मिळून बहुधा सात किंवा नऊ. जुईचं पान बहुतेक एकटंच दिसतं, त्यावर मऊ लव असते आणि देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन इवलीशी पानं चिकटलेली असतात. फूलही जाईपेक्षा लहान, पण झुपक्यानं येतं. हिंदीत जिला चमेली म्हणतात ती बहुतेक वेळा आपली जाईच. कुंद वेगळा. तो थंडीत फुलतो आणि त्याला वास जवळजवळ नसतो. प्रत्येकीच्या छाटणीची वेळ वेगळी, म्हणून आधी ओळख पटू दे.

ओसरी | 10 नोव्हेंबर

सात पानं मोजली, टोकाचं मोठं आहे. आणि हो, वाईची कळी बाहेरून गुलाबी असायची, लहानपणी आम्ही त्या गुलाबी रेघा बघूनच कळ्या निवडायचो. ऊन मात्र कमी आहे. समोर नवी इमारत झाल्यापासून सकाळी सात ते नऊ, एवढंच. त्यानंतर उजेड भरपूर असतो पण ऊन नाही.

परसदार | 10 नोव्हेंबर

मग जाईच आहे, आणि कारणंही तुमच्याच दोन्ही पोस्टमध्ये आहेत. दोन तासांच्या उन्हावर जाई जगते, वाढते, पण फुलत नाही. फुलायला निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. दुसरं, शेंगदाणा पेंडीत नत्र भरपूर. नत्रानं पानं आणि वेल वाढतो. तुमचा वेल वरच्या मजल्यावर पोचला तो त्यामुळेच. पेंड आजपासून बंद करा.

तिसरं तुम्हाला आवडणार नाही. जाईला फूल येतं ते नव्या फुटव्यावर, फुटव्याच्या टोकाशी. तीन वर्षं न छाटलेला वेल जुन्या लाकडाचा होतो, त्याची सगळी ताकद लांबी वाढवण्यात जाते. कात्री लावावी लागेल.

ओसरी | 10 नोव्हेंबर

ऊन आणि पेंड समजलं. पण छाटणीचं खरंच जड जातंय, दादा. माझ्या आठवणीत आईचा मांडव कधीच कोणी छाटलेला नव्हता.

विक्रमगडकर | 11 नोव्हेंबर

ताई, मी पालघर जिल्ह्यातला. आमच्याकडे विक्रमगड-जव्हार भागात घरोघरी मोगरा आहे. माझी 400 झाडं आहेत, कडेला कुंपणावर जाई. पहाटे बॅटरीच्या उजेडात कळ्या खुडायच्या, उमलायच्या आत, आणि सकाळच्या गाडीनं दादरच्या फुलबाजारात पाठवायच्या. उमललेल्या फुलाला बाजारात भाव नाही. त्यामुळे कळी कधी आणि कशानं येते ते आम्हाला पोटासाठी शिकावं लागलं.

आधी ताण द्यायचा, म्हणजे छाटणीच्या दोन-तीन आठवडे आधीपासून पाणी तोडत आणायचं. कुंडीला एकदम बंद करू नका, माती वरून दोन बोटं सुकली की थोडंसं द्या. पानं पिवळी पडून गळतात, घाबरायचं नाही. मग छाटणी. मोगरा नोव्हेंबर संपताना, जाई डिसेंबरच्या शेवटी ते जानेवारीत, जुई जानेवारी संपताना. जमिनीपासून गुडघ्याएवढं ठेवायचं, फार तर दीड फूट. वाळक्या, एकमेकीत अडकलेल्या, आत वळलेल्या काड्या मुळापासून काढायच्या. राहिलेली पानंही खुडून टाकायची. झाड अगदी उघडं दिसतं. नवीन माणूस बघून म्हणतो, यानं झाड मारलं. तीन आठवड्यांत डोळ्याडोळ्यातून फुटवे निघतात.

छाटणी झाली की मुळाभोवतीची माती उकरून मोकळी करा, कुजलेलं शेणखत द्या आणि मगच भरपूर पाणी. हा क्रम चुकवू नका. ताण न देता छाटलं तर झाड लगेच पानावर जातं.

गंधवेडी | 11 नोव्हेंबर

मला एका नर्सरीतून जुई म्हणून कुंद दिला होता. दोन वर्षं वासाची वाट बघितली. डिसेंबरात पांढरीशुभ्र फुलं आली, दिसायला देखणी, वास शून्य. रोप घेताना फूल असलेलंच घ्या, आणि संध्याकाळी जा. सकाळी जाईच्या फुलातला वास ओसरलेला असतो.

तो वास रात्रीच का सुटतो, कुणाला माहीत आहे?

परसदार | 11 नोव्हेंबर

फुलाचं गिऱ्हाईक रात्री येतं म्हणून. पांढरं फूल, लांब नळी, अंधारात उमलणं, हे सगळं निशाचर पतंगांसाठी. त्यांची लांब सोंड त्या नळीत तळापर्यंत पोचते. जाईचं आणखी एक नवल आहे. फूल खुडल्यावरही ते कितीतरी तास वास तयार करत राहतं. गुलाबाचं तसं नाही. म्हणून उत्तर प्रदेशात चमेलीचं तेल करताना तिळाचे आणि ताज्या फुलांचे थर एकावर एक लावायचे, रात्रभर तीळ वास पितात, सकाळी फुलं बदलायची. असं अनेक वेळा करून मग तीळ घाण्यात घालायचे. फुलं हलकी किती, तर एका किलोत 8 ते 10 हजार मावतात. तमिळनाडूत याच जातीची मोठी शेती आहे आणि तिचा अर्क परदेशी अत्तरांपर्यंत जातो.

ओसरीताईंच्या आई कळ्या ओल्या फडक्यात ठेवत, त्यातही हेच आहे. खुडलेल्या कळीला ओलावा मिळाला की ती संध्याकाळी फडक्यातच उमलते आणि खोलीभर वास देते.

माडाखालची | 12 नोव्हेंबर

गोव्याहून लिहितेय. आमच्याकडे म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळात पावसाळ्यात जायांची पूजा असते. देऊळ जायांनी सजतं, आणि देवळात पाय ठेवायच्या आधी रस्त्यावरच वास येतो. म्हार्दोळची जाय आमच्याकडे नावाजलेली. कोंकणीत आम्ही जाय म्हणतो, अनेक असल्या की जायो.

माझी आजी म्हणायची, जायेला दोन गोष्टी लागतात, डोक्यावर सूर्य आणि पायाशी सावली. वेलाच्या मुळाशी ती नारळाची सोडणं उपडी घालून ठेवायची. कुंडीत हे जास्तच लागू पडतं. सिमेंटच्या गच्चीवर एप्रिलच्या उन्हात कुंडीची बाजू हात लावू देत नाही इतकी तापते, मुळं आतून भाजतात. कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि वर सोडणं किंवा वाळका पाला घाला.

चंदनवाडी | 12 नोव्हेंबर

जाईला लाकडाची राख घाला, आठवड्यात कळ्या धरतील. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या हेच.

परसदार | 12 नोव्हेंबर

राखेत पालाश असतो, फुलाला तो लागतोही, म्हणून तुमच्याकडे फायदा झाला असणार. पण पुण्यात बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं जड पाणी येतं, मातीत आधीच क्षार साठलेले असतात. त्यात राख पडली की माती आणखी अल्कधर्मी होते आणि मुळांना लोह मिळेनासं होतं. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तसं दिसलं तर लोक आणखी खत घालतात आणि रोग वाढवतात. त्यावर उपाय हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारायचा, महिन्यातून एकदा, हिरवेपणा परत येईतो. फरशीवर सांडला तर तांबडे डाग पडतात, खाली कागद घाला.

ओसरीताई, तुमची पानं गडद हिरवी आहेत, तुम्हाला सध्या राखही नको, हिराकसही नको.

ओसरी | 14 नोव्हेंबर

मंडळी, काल रात्री आईला फोन केला. ती आता साताऱ्याला भावाकडे असते. मी विचारलं, आई, आपला मांडव तू कधी छाटला होतास का ग? ती म्हणाली, "अगं, दर संक्रांतीच्या आधी मी आणि तुझा बाबा कोयत्यानं कंबरेपर्यंत उतरवायचो. तू शाळेत असायचीस. काड्या बंबात जायच्या. तुला वाटायचं थंडीनं वाळला."

मी बराच वेळ काही बोलले नाही. बंबातल्या त्या काड्यांचा धूर मला आठवतोय, त्या जाईच्या होत्या हे आज कळलं.

जानेवारीत छाटते. कुंडी गच्चीवर न्यायला सोसायटीकडून परवानगी मागितली आहे.

विक्रमगडकर | 14 नोव्हेंबर

ताई, डोळे पाणावले वाचून. छाटणीला बागेची धारदार कात्री घ्या. बोथट कात्रीनं काडी चिरडते आणि तिथून कुजत खाली येते. डोळ्याच्या वर अर्धा बोट जागा सोडून, तिरका काप.

कुर्ला_पश्चिम | 20 नोव्हेंबर

माझीही जाई खिडकीत आहे, ऊन चांगलं, छाटणीही केली होती. पण पानांवर बारीक पांढुरके ठिपके पडून ती राखाडी दिसतात, खालच्या बाजूला जाळी. कळ्या येतात त्या जांभळट होऊन उमलायच्या आधीच गळतात. हे एकच दुखणं आहे की दोन?

परसदार | 20 नोव्हेंबर

दोन. ठिपके आणि जाळी म्हणजे लाल कोळी. उघड्या डोळ्याला जेमतेम दिसतो, कोरड्या उष्ण हवेत वाढतो. पांढरा कागद पानाखाली धरून पान झटका, कागदावर तांबूस कण चालताना दिसतील. पानाच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा, चार-चार दिवसांनी तीन वेळा. मग गरज लागली तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या थेंबासह, उन्हात नव्हे.

कळ्यांचं दुखणं वेगळं. फुलमाशीच्या बारीक अळ्या कळीच्या बुडाशी असल्या की कळी फुगते, जांभळी पडते, गळते. दुसरी एक हिरवट अळी कळीला भोक पाडून आतलं खाते आणि शेजारच्या कळ्या धाग्यानं बांधते. जांभळी कळी नखानं उभी चिरून बघा, अळी दिसली की खात्री. गळलेल्या कळ्या कुंडीत राहू देऊ नका, त्या अळ्या मातीत उतरून कोष करतात. रोज वेचून घट्ट पिशवीत बांधून टाका आणि वरची इंचभर माती हलवत राहा. फवारणीपेक्षा हे वेचणंच घरच्या एका वेलाला पुरतं.

कुर्ला_पश्चिम | 21 नोव्हेंबर

चिरून बघितली. पांढऱ्या बारीक अळ्या, तीन होत्या. वेचायला लागते आजपासून.

खाडीपलीकडे | 2 डिसेंबर

सॅन होजेहून. इथे कुंपणावर जास्मिन म्हणून लावलेला वेल आहे, वसंतात भरभरून फुलतो, वास गोड. पण जाईसारखा नाही, आणि पान जाड, चकचकीत, एकटंच. काडी मोडली तर पांढरा चीक येतो. ही कुठली जाई?

परसदार | 2 डिसेंबर

जाई नव्हेच ती. तिला तिकडे स्टार जास्मिन म्हणतात, पण घराणं कण्हेरीचं. चीक हीच खूण, खऱ्या जाईला चीक नसतो. वेल छान आहे, ठेवा, पण फुलं केसात माळायच्या आधी चिकाची ॲलर्जी नाही ना ते बघा. तिकडे पिवळ्या फुलांचीही एक कॅरोलिना जेसमिन म्हणून मिळते. ती विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर अजिबात नको. खरी जाई हवी असेल तर ग्रँडिफ्लोरम हे लॅटिन नाव वाचून घ्या. गोठवणारी थंडी तिला सोसत नाही, कडाक्याच्या रात्री कुंडी आत घ्यावी लागेल.

खाडीपलीकडे | 3 डिसेंबर

आभारी आहे. आठ वर्षं मी तिला जाई म्हणून गणपतीला वाहतेय. बाप्पाला चालली असणार.

माडाखालची | 3 डिसेंबर

चाललीच असणार. मनानं वाहिलीत ना.

ओसरी | 4 जानेवारी

झालं. आज सकाळी छाटली.

परवानगी मिळायला महिना लागला, पण कुंडी आता गच्चीवर आहे, सकाळी नऊ ते तीन ऊन. दोन आठवडे पाणी तोडलं होतं. वेल ग्रिलमधून सोडवायलाच तास गेला. त्यानं गजाभोवती असे वेढे घेतले होते की काही ठिकाणी गजाचा आकार काडीत उमटला होता. पहिला काप बुडापासून दीड फुटावर, अंगठ्याएवढ्या जाड लाकडावर. आत ते फिकट हिरवट पांढरं, ओलं निघालं, म्हणजे जिवंत. तिथून पुढे हात थांबला नाही. शेवटी पाच काड्या उरल्या, एकही पान नाही.

कुंडी उपडी केली तेव्हा दिसलं की मुळांनी आत गोल गोल वळून माती खाऊन टाकली होती. बाहेरची जाळी झालेली मुळं बोटभर कापली, दोन भाग माती, एक भाग शेणखत, थोडी वाळू आणि मूठभर हाडांचा चुरा घालून 18 इंची कुंडीत बसवली. भोवती गोणपाट आणि वर नारळाची सोडणं, माडाखालची ताईंच्या आजीचं ऐकून.

काड्या फेकल्या नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाड, चार-चार डोळ्यांच्या बारा काड्या ओल्या वाळूत खोचल्या आहेत. लागतील का?

परसदार | 4 जानेवारी

मुळांची छाटणी केलीत हे उत्तम, मीच सांगायला विसरलो होतो. थंडीत काड्या सावकाश लागतात, काही वाळतील. वरून पारदर्शक पिशवी घाला, सावलीत ठेवा, दोन डोळे वाळूखाली असू देत. खात्रीनं हव्या असतील तर जून-जुलैत पुन्हा लावा. तुम्ही केलंत तसं फांदी दाबून करणं तर सगळ्यांत भरवशाचं.

ओसरी | 29 जानेवारी

फुटलीय! पाचही काड्यांवर. डोळ्यातून तांबूस टोकं आलीत, तांदळाच्या दाण्याएवढी.

विक्रमगडकर | 29 जानेवारी

आता फुटवे वीतभर झाले की टोकं खुडा, एकाचे दोन होतील. फक्त एकदाच. एप्रिलनंतर टोकाला हात लावू नका, कळी टोकालाच असते.

ओसरी | 17 जून

बरेच दिवस लिहिलं नाही. मे महिन्यात आठवडाभर गावाला होते, शेजारच्या मुलानं पाणी घातलं पण दोन फुटवे वाळलेच. बाकी वेल आता गच्चीच्या कठड्यावर बांबूच्या तट्ट्यावर चढवलाय, आडवा पसरून, कारण आडव्या फांदीला फुटवे जास्त निघतात असं दिसतंय.

मागच्या आठवड्यात पहिला पाऊस झाला. आज संध्याकाळी गच्चीवर गेले तर एका टोकाला पाच कळ्यांचा झुबका. बाहेरून गुलाबी. मधली कळी थोडी सैल झाली होती. मी तिथेच बसले. सव्वासातच्या सुमाराला पाकळ्यांचा पीळ सुटायला लागला, इतका सावकाश की बघताना हलताना दिसत नाही, पण मान वळवून परत बघितलं की अंतर वाढलेलं असतं. साडेसातला वास आला. तोच.

फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, पहिलं फूल देवाला, आणि खुडताना देठासकट खुड, नळी मोडू देऊ नकोस.

गंधवेडी | 17 जून

अंगावर काटा आला. ओसरीताई, त्या बारा काड्यांचं काय झालं?

ओसरी | 18 जून

सात लागल्या. एक सोसायटीच्या गच्चीवर, एक वरच्या काकूंना, ज्यांच्या कठड्याला वेलानं तीन वर्षं मिठी मारली होती. एक साताऱ्याला आईकडे गेली, तिनं भावाच्या बंगल्याच्या फाटकाशी लावलीय, दक्षिणेला. चार उरल्यात. पुण्यात कोणाला हवी असेल तर व्यक्तिगत निरोप करा, कोथरूडला येऊन न्या. येताना कुंडी आणू नका, पिशवीतलं रोप देईन. गंधवेडी, एक तुमच्यासाठी बाजूला ठेवते, ही कुंद नाही याची खात्री देते.

गंधवेडी | 18 जून

रविवारी येते. संध्याकाळी, सातनंतर.